हळू गाण्यात ड्रमरचं काय करायचं?

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेच्या दारावर 'अनप्लग्ड नाइट' असं पोस्टर दिसलं, की आत न जाताही बऱ्याच गोष्टी कळतात. आत दोन गिटार असतील. एक गाणारा किंवा गाणारी असेल. कोपऱ्यात कहोन नावाच्या लाकडी खोक्यावर बसून कुणीतरी ते थापटत असेल. ड्रमर मात्र नसेल. तो बँडमध्ये आहे, फोटोत आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवरही आहे. पण आजची गाणी 'सॉफ्ट' आहेत म्हणून त्याला सुट्टी.

या सुट्टीमागे एक समजूत आहे. ड्रम म्हणजे मोठा आवाज, हळू गाण्याला मोठा आवाज नको, म्हणून ड्रम नको. मला ही समजूत चुकीची वाटते. तिच्यामुळे आपल्याकडची बरीच हळू गाणी विनाकारण बुळबुळीत होतात, असंही वाटतं. मी स्वतः ड्रम वाजवते, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकते. पण हा लेख ड्रमरांची रोजगार हमी योजना नाही. हळू गाण्यात ड्रमरच्या हातात काय आहे, यावरून त्या बँडला ते गाणं कितपत कळलंय हे ओळखता येतं, एवढंच मला म्हणायचं आहे. जाड काठी, बारीक काठी, काड्यांची मोळी, ब्रश की नुसता हात? यातलं जे निवडलं, तो त्या गाण्याचा लावलेला अर्थ असतो.

ढोलाच्या गावात

आपलं गाव या बाबतीत गमतीशीर आहे. बाहेरच्या लोकांना नाशिक म्हटलं की कुंभमेळा, द्राक्षं आणि ढोल आठवतात. त्यातला ढोल फार लांब गेला. केरळात आणि मंगळूरकडे लग्नाच्या किंवा निवडणुकीच्या मिरवणुकीत 'नाशिक ढोल' लागतो. वाजवणारे तिथलेच असतात. आपलं नाव तेवढं गेलेलं असतं. असं नाव लागलेल्या शहरात 'हळू वाजव' हे वाक्य कमीपणाचं वाटणारच. मी दोन वर्षं ढोल पथकात होते. तिथं 'जोर कमी पडतोय' हे शंभर वेळा ऐकलं. 'जरा हळू' हे एकदाही नाही, आणि मिरवणुकीत ते रास्तच आहे. रस्त्यावरच्या वाद्याला रस्ता भरून टाकावा लागतो.

पण ढोल वाजवणाऱ्याच्या हातांकडे एकदा नीट पाहा. एका पानावर लाकडी टिपरू पडतं आणि दुसऱ्या पानावर उघडा तळहात. एकाच वाद्यावर दोन वेगळे स्पर्श, म्हणून दोन वेगळे आवाज. शेजारी ताशावाल्याच्या हातात दोन बारीक काड्या असतात. हलगीवाल्याच्या एका हातात जाड टिपरू असतं, तर दुसऱ्या हातात बारीक, लवचीक काडी. कातड्याला कशानं शिवायचं हा प्रश्न आपल्याकडच्या वादकांनी फार पूर्वी सोडवलेला आहे. ड्रमकिट आल्यावर मात्र आपण तो विसरलो. दुकानातून ५ए ची एक जोडी आणली आणि तिच्यावरच सगळी गाणी वाजवली.

५ए म्हणजे काय

या आकड्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. काठीवरचा आकडा जाडीचा अंदाज देतो आणि आकडा जितका लहान तितकी काठी साधारणपणे जाड. म्हणजे २बी जाड, ५बी त्याहून कमी, ७ए बारीक. अक्षरं आली अमेरिकेतल्या लुडविग या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीकडून. 'ए' म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, 'बी' म्हणजे बँडसाठी आणि 'एस' म्हणजे स्ट्रीट, रस्त्यावरच्या कवायतीच्या बँडसाठी. 'एस' सगळ्यात जाड. नाशिककरांनी कोणतं अक्षर निवडलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

आता मोजमाप बघू. विक फर्थ या कंपनीची ५ए काठी साधारण १४.४ मिलिमीटर जाड आणि १६ इंच लांब असते. तिचीच ७ए साधारण १३.७ मिलिमीटर जाड आणि अर्धा इंच आखूड. फरक एक मिलिमीटरही नाही. सिंबलवर तो लगेच कळतो, कारण हलकी काठी सिंबलला कमी हलवते आणि मागे रेंगाळणारी 'श्श्श' कमी होते. पण ७ए आणली की आपण हळू वाजवणारे झालो, असं मानणाऱ्यांना मी ऐकलंय. स्नेअरवर ते आधीसारखेच बडवतात, फक्त आवाज थोडा पातळ येतो. काठी किती उंचीवरून पडते, याचा परिणाम तिच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठा असतो. दोन इंचांवरून पडलेली ५बी सुद्धा गाणाऱ्याच्या आड येत नाही.

मग सगळे ड्रमर दोन इंचांवरूनच का वाजवत नाहीत? कारण ते अवघड आहे. उंचीवरून मारताना काठीची उसळी आपलं अर्धं काम करते. उंची कमी केली की उसळी कमी, मग प्रत्येक ठोका बोटांनी घडवावा लागतो, आणि लय डगमगायला लागते. हळू वाजवताना ड्रमरची लय घसरते ती याच कारणानं. आपण म्हणतो, 'त्याला फील नाही'. खरं तर त्याच्या बोटांना सवय नसते.

निर्वाणाचा धडा

या अडचणीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण रॉकमध्येच आहे. निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल हा ड्रमवर तुटून पडणारा माणूस. १९९१च्या 'नेव्हरमाइंड' अल्बममध्ये त्या आडदांडपणाचं सोनं झालं. पण त्याच अल्बमच्या शेवटी 'समथिंग इन द वे' हे जवळजवळ पुटपुटलेलं गाणं आहे. कर्ट कोबेनचा आवाज आणि गिटार आधी रेकॉर्ड झाली. ड्रम नंतर त्यावर चढवले. निर्माता बुच व्हिगला ग्रोलकडून पुन्हा पुन्हा आणखी हळू वाजवून घ्यावं लागलं. परिणाम ऐका. ड्रम दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे वाटतात. त्यात एक अवघडलेपण आहे आणि गाण्याला ते शोभतं, कारण गाण्यातला माणूसही अंग चोरून बसलेला आहे. पण तो निकाल स्टुडिओतला. तिथं परत घेता येतं, पुन्हा पुन्हा.

१८ नोव्हेंबर १९९३ला न्यू यॉर्कमध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड'चं रेकॉर्डिंग झालं तेव्हा समोर प्रेक्षक होते आणि ग्रोल गिटारचा आवाज बुडवेल अशी धास्ती होती. कार्यक्रमाच्या निर्मात्यानं त्याला ब्रश आणि काड्यांची मोळी आणून दिली. मोळी म्हणजे ज्याला रॉड म्हणतात ते: बारीक लाकडी काड्या एकत्र बांधून केलेली काठी. ती आपटली की काड्या आपसात घसटतात, जोर थोडा खातात, आणि एका टोकदार ठोक्याऐवजी किंचित पसरलेला ठोका मिळतो.

हा कार्यक्रम मी दर एक-दोन वर्षांनी पुन्हा ऐकते आणि दर वेळी लक्ष जातं ते ग्रोलच्या खांद्यांकडे. तो फार बदललेला नाही. हालचाल रॉक ड्रमरचीच आहे, नेम तोच, ठोक्याची जागा तीच. जोर तेवढा मोळीनं अडवला आहे. म्हणून ते वादन हळू असूनही मरगळलेलं वाटत नाही. काठीनं दबकत वाजवलं असतं तर 'समथिंग इन द वे'सारखं अंग चोरलेलं वादन तासभर चाललं असतं आणि कार्यक्रम पडला असता. हत्यार बदललं, म्हणून माणसाला स्वभाव बदलावा लागला नाही. आपल्याकडच्या बँडांनी या कार्यक्रमातून मेणबत्त्या, लिलीची फुलं आणि कार्डिगन उचललं. ही एवढी साधी गोष्ट उचलायची राहिली.

ब्रश म्हणजे 'कमी आवाजाची काठी' नव्हे

ब्रशबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ब्रश म्हणजे मुठीतून पंख्यासारख्या पसरणाऱ्या तारांचा झुपका. त्याचा पूर्वज म्हणजे चक्क माश्या मारायचं साधन. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या ड्रमरांनी तारांचे माशीमार हातात घेतले, कारण लहान जागेत काठ्यांचा आवाज सहन होत नव्हता. म्हणजे जन्म आवाज कमी करण्यासाठीच झाला. पण जॅझवाल्यांना लवकरच कळलं की यातून काठीला कधीच न जमणारं काहीतरी निघतंय.

काठी बिंदू काढते. ठोका पडतो आणि संपतो. ब्रश कातड्यावर गोल फिरवला तर रेघ निघते: सलग, लांबवता येणारी सळसळ. ड्रमसारख्या वाद्याला लांब स्वर नसतो. ब्रश तो थोडाफार मिळवून देतो. आपल्या कानांना हे अनोळखी नाही. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घुमक आठवा. ठोका पडून गेला तरी आवाज सरकत राहतो आणि गाणाऱ्याच्या ओळीला खालून आधार देतो. ब्रशची सळसळ स्वर बदलत नाही, पण काम तेच करते. दोन ठोक्यांमधली जागा रिकामी राहू देत नाही.

म्हणून ब्रश हातात घेऊन नुसतं टपटप करणारा ड्रमर पाहिला की मला वाईट वाटतं. तो रेघेच्या साधनानं बिंदू काढतोय, तेही पुसट. अलीकडे नाशिकमधल्या एका छोट्या कार्यक्रमात असंच झालं. ड्रमरनं हळू गाण्यासाठी हौसेनं ब्रश घेतले, पण स्नेअरवर गुळगुळीत पारदर्शक पान चढवलेलं होतं. ब्रशला खरखरीत पांढऱ्या लेपाचं पान लागतं. सळसळ त्या खरखरीतूनच जन्मते. गुळगुळीत पानावर तारा घसरतात आणि काही ऐकू येत नाही. बहुतेक भाड्याच्या सेटवर तो लेपही मधोमध झिजून गेलेला असतो, म्हणजे ब्रश जिथं फिरायचा नेमका तिथंच. त्या दिवशी दुसऱ्या गाण्याला ब्रश बाजूला गेले आणि काठ्या आल्या. 'ब्रश काही कामाचे नाहीत' हा निकालही लागला.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. प्रत्येक हळू गाण्याला ब्रश चालत नाही. गिटारवर सलग झरझर स्ट्रमिंग चालू असेल, तर तो आवाज आणि ब्रशची सळसळ जवळजवळ एकाच जातीचे. दोन्ही मिळून चिखल होतो आणि शब्द त्यात रुततात. ब्रश उठून दिसतो तो तारा सुट्या छेडल्या जात असतील तेव्हा, किंवा साथीला पियानो असेल तेव्हा, कारण मग सलग राहणं हे काम फक्त ब्रशकडे असतं. निर्वाणाच्या कार्यक्रमात स्ट्रमिंग भरपूर आहे आणि मोळी तिथं बसते, कारण मोळीला अजून टोक आहे. हळू गाण्यात काय वापरायचं हे ठरवताना गाणं किती हळू आहे हे विचारून भागत नाही. बाकीचे काय वाजवताहेत आणि कोणती जागा रिकामी आहे, हे आधी विचारावं लागतं.

बहुतेक ड्रमर या सगळ्यातून एक पळवाट काढतात: काठी स्नेअरवर आडवी ठेवून तिनं कडेवर 'टक' वाजवायचं. मला तो आवाज आवडतो. कोरडा आहे, नेमका आहे आणि गाणाऱ्याच्या वाटेत येत नाही. पण आठापैकी सात हळू गाण्यांत तोच 'टक' ऐकला की तो निर्णय राहत नाही, सवय होते.

शोभा गुर्टूंच्या घरातला ड्रमर

महाराष्ट्रातून एकच नाव सांगायचं तर मी त्रिलोक गुर्टू यांचं सांगेन. ते रॉक ड्रमर नव्हेत. जॅझ, रॉक आणि तबला यांच्या तिठ्यावर बसलेले वादक आहेत. 'बसलेले' हे शब्दशः. मुंबईत १९५१मध्ये जन्मलेले गुर्टू आधी तबला शिकले. ड्रमकिटही ते स्टुलावर बसून न वाजवता जमिनीलगत, गुडघ्यावर बसून वाजवत आले आहेत. त्यामुळे तबला, स्नेअर, सिंबल हे सगळं एकाच बैठकीत हाताशी येतं. काठी खाली ठेवून तळहात वापरायला त्यांना जागा बदलावी लागत नाही. शेजारी पाण्याची बादली असते आणि घंटा, शिंपले त्यात बुडवत ते आवाज वाकवतात.

त्यांची आई शोभा गुर्टू. जन्म बेळगावचा, माहेरचं आडनाव शिरोडकर, आणि ठुमरीतलं मोठं नाव. ठुमरीत तबलजीचं वागणं पाहण्यासारखं असतं. गायिका एकेका बोलाचे अर्थ उलगडत असते तेव्हा तबला ठेका धरून बसतो. असतो पूर्ण, पण मागे. शेवटी लग्गी येते आणि मग तोच तबला उसळतो. संयम आणि उसळी ही दोन माणसांची कामं नाहीत, ती एकाच हाताची आहेत. ज्या घरात हे रोज कानावर पडतं तिथला ड्रमर हळू गाण्यात गोंधळणार नाही, असा माझा तर्क आहे. १९८८च्या 'उसफ्रेत' या त्यांच्या अल्बममध्ये आईचा आवाज आहे. त्यात ताल काही कमी गजबजलेला नाही, पण तो त्या आवाजाच्या पुढे पुढे करत नाही.

याहून थेट उदाहरण जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीचं. १९८९मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या मैफलीचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. गिटार अकूस्टिक, बासवर काय एकहार्ट, आणि तालावर गुर्टू. म्हणजे आपल्या कॅफेत ज्या गिटारसाठी ड्रमरला घरी बसवतात, तशाच गिटारसोबत एक माणूस ढीगभर वाद्यं घेऊन बसलाय आणि गिटारची एकही तार बुडत नाही. कान देऊन ऐकलं तर कळतं की ते आवाज कमी-जास्त करण्यापेक्षा पोत बदलत राहतात. इथं धातू, तिथं कातडं, मग पाणी, मग नुसतं तोंडानं म्हटलेले बोल. गिटार दाट झाली की ताल विरळ होतो. गिटार थांबली की भरून येतो.

माझी एक तक्रारही आहे. गुर्टूंकडे इतके आवाज आहेत की कधीकधी गाणं प्रदर्शनाकडे झुकतं. बादलीतला शिंपला पहिल्यांदा अंगावर काटा आणतो. चौथ्यांदा आपण त्याची वाट पाहायला लागतो आणि सूर निसटतो. हळू वाजवण्यात हाही धोका आहे. नाजूकपणाचीही फुशारकी मारता येते.

दुसऱ्या कडव्याची वाट

मराठी भावगीतं रॉक ढंगानं गाणारे बँड आता नाशिकमध्येही आहेत. त्यांचा एक साचा ठरलेला आहे. पहिलं कडवं नुसत्या गिटारवर. मग सिंबलची एक लाट. दुसऱ्या कडव्याला ड्रम धाडकन आत. टाळ्या तिथंच पडतात. हा साचा वाईट नाही, पण त्यातला हळूपणा खोटा आहे. तो मोठ्या आवाजाची प्रतीक्षा आहे फक्त. मूळ भावगीतात तबला कुठं थांबलेला असतो? तो बहुतेक वेळा पहिल्या ओळीपासून सोबत असतो आणि शेवटपर्यंत त्याच मापात राहतो. गाणं मोठं होतं ते शब्दांनी आणि चालीनं, आवाजानं नाही. ड्रमरला पहिल्या कडव्यात आणायचं धाडस केलं, हातात ब्रश दिले आणि शेवटपर्यंत काठी उचलू दिली नाही, तर त्या गाण्याचा अर्थच वेगळा लागेल. असं करणारा बँड मला इथं अजून ऐकायला मिळालेला नाही.

न करण्यामागचं एक कारण आपल्या खिशात आहे. बँडचं नाव आता रीलवर होतं, आणि रील फोनवर शूट होते. फोन सलग सळसळीला बऱ्याचदा गोंगाट समजतो आणि पुसायला बघतो. उरलेलं फोनचा इवलासा स्पीकर गिळतो. ब्रशनं वाजवलेलं सुंदर कडवं रीलमध्ये ड्रमर हात फिरवतोय पण आवाज नाही, असं दिसतं. काठीचा ठोका मात्र कुठल्याही फोनमधून पोचतो. मग ड्रमर हळूहळू फोनसाठी वाजवायला लागतो, समोर बसलेल्या तीस माणसांसाठी नाही. खरं तर आपल्याकडचे कॅफे ब्रशसाठीच बांधल्यासारखे आहेत. खोली लहान, छत खाली, पहिली रांग ड्रमपासून चार फुटांवर. मोकळ्या मैदानात हरवणारा आवाज इथं पूर्ण पोचतो. पोचत नाही तो फक्त फोनपर्यंत.

ड्रमर मित्रमैत्रिणींसाठी एक गोष्ट सांगते, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राचं पान पसरा आणि त्यावर ब्रश फिरवा. उजवा हात ताल सांगतो, डावा गोल फिरत सळसळ चालू ठेवतो. ती सळसळ तुटता कामा नये. शेजारीपाजारी तक्रार करत नाहीत, रात्री अकरालाही करता येतं. महिनाभरात हातांना हे कळायला लागतं की ठोका मारण्याइतकंच ठोका सरकवणंही वाजवणं आहे.

आणि जे वाजवत नाहीत त्यांना विनंती एवढीच: निर्वाणाचा तो कार्यक्रम आणि गुर्टूंची ती लंडनची मैफल एकदा इअरफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर नको. गाण्याकडे नंतर लक्ष द्या. आधी फक्त ड्रमरच्या हातात काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. काठी, मोळी, ब्रश, हात. ते ओळखता आलं की पुढच्या वेळी एखाद्या हळू गाण्यात काहीतरी कमी पडतंय असं वाटेल तेव्हा, नेमकं काय कमी पडतंय हे तुम्हाला सांगता येईल. बहुधा तो घरी बसलेला असेल.